सात वारांचे सात वस्तरे

पेटी उघडली की पहिली चूक बोट करतं. तांबूस डाग दिसला की ते आपोआप पात्यावरून फिरतं आणि डागाखाली काय आहे ते कळायच्या आत घामाचं मीठ पोलादावर बसतं. म्हणून आधी हातमोजे, मग फोटो आणि शेवटी वस्तरा. फोटोही वस्तरे खाचेत असतानाच काढायचे. कोणता कुठल्या खाचेत होता, मखमल कुठे चिकट झालीय, गंज कोणत्या बाजूला जास्त आहे, हे नंतर आठवत नाही. आमचं निम्मं निदान त्या मखमलीनेच केलं.

संच फ्रेंच आहे. अशा सात वस्तऱ्यांच्या पेटीला तिकडे सेमेनिए म्हणतात. सेमेन म्हणजे आठवडा. प्रत्येक पात्याच्या पाठीवर वाराचं नाव कोरलेलं: लंदी, मार्दी, मेर्क्रदी, ज्यदी, वांद्रदी, साम्दी, दिमांश. सोमवार ते रविवार. धारेला आठवडाभर विसावा मिळाला की ती आपोआप सुधारते, अशी जुनी समजूत होती. त्यात तथ्य एवढंच, की दाढीनंतर धारेवर राहिलेला ओलावा सुकायला सवड मिळते आणि काम सात जणांत वाटलं गेल्यामुळे प्रत्येक पात्याची दगडावर जायची पाळी सातपट उशिरा येते.

इंदुरात फ्रेंच काहीही निघालं की विकणारा लगेच ‘माणिकबागेतलं आहे’ म्हणतो. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांचा तो महाल एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराने 1930 च्या आसपास बांधला, रूलमान, आयलीन ग्रे अशा नामांकित रचनाकारांचं फर्निचर तिथे आलं आणि 1980 साली त्यातलं बरंच मोनाकोत लिलावात गेलं. एवढ्या भांडवलावर शहरातल्या प्रत्येक जुन्या फ्रेंच डबीची किंमत दुप्पट होते. वस्तऱ्याच्या बाबतीत ऐकलेल्या वंशावळीपेक्षा पात्याच्या मानेवरचा, म्हणजे पातं मुठीत जातं त्या भागावरचा, ठसा बघावा. आमच्या सहा पात्यांवर ‘आसिए फोंद्यू’ आहे, म्हणजे ओतीव पोलाद. मुशीत पोलाद वितळवायची ही रीत इंग्लंडमधल्या शेफील्डच्या बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात बसवली. मात्र त्या शब्दावरून साल ठरवू नये. मिरवायचा शब्द म्हणून तो पुढे कितीतरी वर्षं मारला जात होता. त्यापेक्षा पात्याची घडण जास्त खरं बोलते. जुनी पाती पाचरीसारखी भरीव असायची. आमची दोन्ही बाजूंनी खोल पोखरलेली आहेत, धारेजवळ इतकी पातळ की नखाने टिचकी मारली तर बारीक आवाज देतात. ही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली किंवा त्यानंतरची चाल.

असं पोखरणं चाकावर होई. फ्रान्समधल्या तिएर गावात द्युरोल नदीच्या पाण्यावर दगडी चाकं फिरत आणि कारागीर फळीवर पालथे पडून खालच्या चाकावर पातं धरत. थंडीत ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रं बसवलेलं असे. त्या पोटावर पडलेल्या माणसाने शेवटचा जो केसभर थर ठेवला तेवढंच पोलाद आपल्या हातात आहे, त्यात भर घालता येत नाही. पुढचे सगळे निर्णय आम्ही याच हिशोबाने घेतले.

पहिले दोन दिवस काहीही घासलं नाही, फक्त मापं घेतली. डिजिटल व्हर्नियर, घड्याळजीचं दहापट भिंग आणि सात कागद, एकेका वाराचा एक. रुंदी, पाठीची जाडी, पाठीवर दगडाने पडलेल्या सपाट पट्टीची रुंदी, धारेतले दाते (तुकडा उडून पडलेल्या खाचा), खड्डे, पातं आणि मूठ जोडणाऱ्या रिवेटची स्थिती. पैकी रुंदी आणि पाठीची जाडी ही दोन मापं कळीची, कारण वस्तऱ्याच्या धारेचा कोन माणूस ठरवत नाही, पाठ ठरवते. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून घासायचं, त्यामुळे अर्धी जाडी भागिले रुंदी एवढ्यावरून कोन निघतो. पाठ 4.6 मि.मी. आणि रुंदी 16 मि.मी. असेल तर सुमारे साडेसोळा अंश. पंधराच्या खाली गेलं की धार लवकर कुरतडते, एकोणीसच्या वर गेलं की केस कापण्याऐवजी ओढते.

सात कागद शेजारी ठेवल्यावर चित्र असं दिसलं. लंदी सगळ्यात झिजलेला: रुंदी 14.8, पाठ 4.1, कोन जेमतेम सोळा. वांद्रदीच्या पाठीवर एका बाजूला 1.8 मि.मी. रुंदीची पट्टी आणि दुसऱ्या बाजूला 0.7, कुणीतरी वर्षानुवर्षं एकाच बाजूला जोर दिला होता. दिमांशच्या धारेत मधोमध सव्वा मिलिमीटरला थोडा कमी खोल दाता. ज्यदी आणि साम्दी दगडावर जवळजवळ गेलेच नव्हते, पाठीवरची अक्षरं कडक, रुंदी पूर्ण 16. गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, त्या दिवशी दाढी नाही. पेटी मराठी घरात वापरली गेली याची याहून चांगली सही कोणती हवी! पण वापर नाही म्हणजे पुसणंही नाही, त्यामुळे साम्दीच्या धारेलगत खड्डे सगळ्यात जास्त.

आणि मेर्क्रदी. तो मुळात या घरचाच नव्हता. मानेवरचा ठसा वेगळा, अक्षरांची वळणं वेगळी, मागची शेपटी, जिला धरून पातं उघडतात, ती 4 मि.मी. जास्त लांब. मूळचा हरवल्यावर कुणीतरी दुसऱ्या संचातला बुधवार आणून बसवला होता. बाकीच्या सहांच्या मुठी काळ्या शिंगाच्या, याची पिवळसर, पारदर्शक. अंगठ्याने जोरात चोळली की कापराचा वास. म्हणजे सेल्युलॉइड.

हा वास आला की बाकी काम थांबवायचं आणि तो वस्तरा पेटीबाहेर काढायचा. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते म्हातारं झालं की कुजू लागतं आणि त्यातून आम्लाच्या वाफा सुटतात. मुठीत मिटलेलं पातं त्या वाफांत बसून राहतं. मेर्क्रदीवर जो गंज होता तो पाण्याचा नव्हता. पाण्याचा गंज ठिपक्यांनी, थेंब बसला तिथे येतो. हा जाळीसारखा पसरलेला, नेमका मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर. शेजारच्या मार्दी आणि ज्यदी यांच्या मेर्क्रदीकडे तोंड असलेल्या बाजूही त्यानेच खाल्ल्या होत्या, पलीकडच्या बाजू स्वच्छ. मखमल त्याच खाचेत चिकट आणि रंग उडालेली. बंद पेटीत असा एक रोगी सहा जणांना पुरतो. गरम सुई टोचून सेल्युलॉइड ओळखायचा सल्ला काही लोक देतात. तसं करू नये, ते भडकन पेटतं. मूठ कुजत असेल तर ती सुधारत नाही. ती उतरवून कागदात गुंडाळून, हवेशीर जागी, उन्हापासून आणि बाकीच्या वस्तूंपासून लांब ठेवायची.

मुठी पांढऱ्या असत्या तर आणखी एक तपासणी करावी लागली असती. हस्तिदंताच्या आडव्या कापावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानींची जाळी दिसते, हाडात काळसर ठिपके आणि रेघा. हस्तिदंत निघालं तर 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याची खरेदीविक्री हा गुन्हा आहे, मग पेटी कितीही जुनी असो.

रिवेट काढायचे की नाही यावर आमच्यात दोन दिवस वाद झाला. सगळे सुटे केले की सफाई सोपी होते हे खरं. पण न हललेला मूळ रिवेट हाच संच अस्सल असल्याचा पुरावा. शिवाय जुनं शिंग आकसलेलं असतं आणि रिवेट ठोकून काढताना भोकापासून चीर जाते. शेवटी तीनच सुटे केले: मेर्क्रदी, कारण मूठ बदलायची होती, साम्दी, कारण गंज मानेखाली शिरला होता, आणि लंदी, ज्याचा मुख्य रिवेट इतका ढिला होता की पातं मिटताना धार शिंगावर आपटत होती. बाकी चार जोडलेल्या अवस्थेतच साफ केले. मुठीच्या दोन पट्ट्यांमधून तेल लावलेला जाड सुती दोरा सारंगीच्या गजासारखा ओढायचा, दोऱ्याला थोडं धातूचं पॉलिश लावून पुन्हा ओढायचं. वेळ लागतो, पण दोरा जातो तिथपर्यंत हात जातच नाही.

रिवेट काढताना त्याचं फुगलेलं डोकं बारीक कानशीने वायसरपर्यंत सपाट करायचं, मग 1.5 मि.मी.च्या सुंब्याने आत ढकलायचं. खाली भोक पाडलेला सागवानी ठोकळा हवा, नाहीतर शिंगाला आधार राहत नाही. वायसर जपून ठेवायचे. घुमटाकार, हातचे वायसर आज बाजारात सहज मिळत नाहीत.

मुठीच्या टोकाची पाचर शिशाची निघाली. तिच्यावर पांढरी भुकटी होती. ती शिशाचा क्षार आहे, फुंकून उडवायची किंवा कोरडी घासायची नाही. ओल्या कापसाने टिपून घेतली, कापूस वेगळ्या पिशवीत टाकला, हात साबणाने धुतले.

गंजासाठी आम्ही आम्ल वापरलं नाही. लिंबूसत, व्हिनेगर, चिंच, सगळ्याने गंज जातो आणि झटपट जातो, पण आम्ल गंजाबरोबर चांगल्या पोलादालाही चाटतं. पातं राखाडी, मातकट पडतं आणि कोरलेल्या अक्षरांतला सोन्याचा मुलामा सुटतो. दिमांशच्या अक्षरांत तो अजून शिल्लक होता. मुलामा इतका पातळ असतो की ब्रासोसारख्या पॉलिशचे चार हातही त्याला पुरतात, म्हणून त्या अक्षरांना फक्त साबणाचं कोमट पाणी आणि कापसाची काडी.

पाती शिवणयंत्राच्या तेलात बुडवून तीन दिवस ठेवली. तेल गंजाच्या खपलीखाली शिरतं. मग 0.5 मि.मी. पितळी पत्र्याची कड चाकूसारखी धरून खपली काढली. पितळ पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. त्यावर चार शून्य नंबरचं स्टील वूल, तेलातच. तांबडा गंज इथेच संपतो. खाली काळा थर राहतो. तो गंजाचाच स्थिर प्रकार आहे आणि पात्याला उलट झाकून ठेवतो. सहा वस्तऱ्यांच्या मानेवरचा तो काळेपणा आम्ही तसाच ठेवला, ठशाची अक्षरं त्यामुळेच वाचता येतात.

घासायला घेण्याआधी प्रत्येक धार मुद्दाम मारली. काचेच्या पेल्याच्या कडेवरून धार एकदा हलकेच ओढली की ती बोथट होते आणि पुढच्या आठ-दहा तासांच्या कामात बोटं शाबूत राहतात. चिकटपट्टीवर भरवसा ठेवू नये. पातळ पातं ती कापून बाहेर येतं आणि आपल्याला कळतही नाही.

घासायला वॉटर पेपर. इंदूरच्या सियागंज बाजारात 400 पासून 2000 पर्यंत सगळे नंबर सुटे मिळतात, पण हार्डवेअरच्या दुकानात 1000 च्या पुढचे विचारून घ्यावे लागतात, कारवाल्यांना ते लागतात म्हणून रंगाच्या दुकानात लगेच मिळतात. कागद नुसत्या बोटाखाली धरला तर बोटाच्या आकाराच्या लाटा पडतात. पोखरलेल्या भागासाठी बाटलीच्या बुचाला गुंडाळायचा, पाठीच्या उतारासाठी खोडरबराला. एक नंबर आडवा, पुढचा उभा. आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण 600 वर राहिलेला ओरखडा 2000 वर जास्त उठून दिसतो. 600 चा एक हात एका पात्याला साधारण दीड तास खातो. त्यापुढचे नंबर भराभर होतात.

खरा प्रश्न कुठे थांबायचं हा. साम्दीचे खड्डे पूर्ण काढायचे तर त्या जागी पातं कागदाइतकं पातळ झालं असतं. ज्यदीला आरसा करता आला असता. पण संचात एक आरसा, एक मातकट आणि एक ठिपक्यांचा असं दिसलं की तो संच राहत नाही. म्हणून सगळ्यात वाईट पात्याला जेवढं झेपतं तेवढंच सगळ्यांना. साम्दी 400 वर नेला, उथळ खड्डे गेले, खोल राहू दिले, 1500 वर थांबलो. ज्यदीला 400 लावलाच नाही, थेट 1000 आणि 1500. शेवटचा हात सगळ्यांवर एकाच दिशेने, पाठीला समांतर. मऊ, रेशमी चमक येते, आरसा येत नाही. कागदाचा जो हात अक्षरांपर्यंत जातो तो अक्षरं पुसतो, म्हणून वाराची नावं आणि मानेचे ठसे दुहेरी मास्किंग टेपने झाकून ठेवले होते.

बफवर, म्हणजे चकाकी आणायच्या फिरत्या चाकावर, एकही पातं गेलं नाही. पितळेचा तांब्या बफवर सोन्यासारखा होतो, तेच हात वस्तऱ्याचं वाटोळं करतात. कारण दोन. मिनिटाला 2800 फेऱ्यांचं चाक पात्याची कड पकडतं आणि वस्तरा भिरकावून देतं. दुसरं, धारेजवळचं पोलाद इतकं पातळ असतं की ते सेकंदात तापतं. पोलादावर पेंढ्याचा पिवळा रंग चढला तेव्हा ते 220 अंशांच्या आसपास गेलेलं असतं, निळा चढला तर 290 च्या पुढे. त्या जागेचा कडकपणा गेला, पुढे तिथे धार टिकत नाही. बफवरून आलेली अशी पाती बाजारात ओळखू येतात: पाठीच्या कडा गोल, ठसा अर्धा पुसलेला आणि चकाकी भलतीच.

दिमांशच्या दात्याचं काय करायचं हे मापांवरच ठरलं. दाता काढायचा म्हणजे अख्खी धार त्याच्या तळापर्यंत खाली आणायची: 16 वरून 14.8. पाठ 4.6 च राहते, म्हणजे कोन सुमारे 17.9. आता अडचण अशी, की या संचात वाराचं नाव पाठीवर आहे. धार लावताना पाठ दगडावर घासली गेली तर दोनपाच वर्षांत लंदीचं ‘लं’ नाहीसं. त्यामुळे पाठीला टेप लावणं इथे सक्तीचं. विजेची काळी टेप साधारण 0.13 मि.मी. जाड, दोन्ही बाजूंनी मिळून 0.26. त्याने कोन जवळपास एक अंश वाढतो. दिमांश गेला 18.9 वर, चालेल त्याच्या अगदी काठावर. दात्याचा तळ 0.2 मि.मी. आणखी खोल असता तर तो तसाच सोडून दिला असता. काम 1000 च्या दगडावर, पातं उभं धरून, सुरीने पाव कापावा तसं ओढत केलं. धार सपाट झाली आणि लंदीच्या बरोबरीची उंची आली, हा योगायोग पेटीत मात्र छान दिसतो.

शिंगाच्या पट्ट्या सुकून फटफटीत, राखाडी झाल्या होत्या. सुट्या केलेल्या चार पट्ट्या नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांपासून काढलेलं तेल) सहा दिवस ठेवल्या, बाकीच्यांना रोज बाहेरून हात दिला. लंदीची एक पट्टी वाकली होती. तिला उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, मग दोन सरळ फळ्यांमध्ये दाबून रात्रभर. गरम असताना सोडली की शिंग पुन्हा जुन्या वाकड्या जागी जातं. जिथे शिंगाचे पापुद्रे सुटले होते तिथे पाण्यासारखा पातळ सुपरग्लू एक थेंब. तो चिरेत स्वतःहून ओढला जातो.

मेर्क्रदीसाठी म्हशीच्या शिंगाच्या दोन पट्ट्या नव्या केल्या. शिंगाचं काम उत्तर प्रदेशातल्या संभलला होतं, तिथल्या 3.5 मि.मी. जाडीच्या कापट्या मागवल्या आणि ज्यदीच्या मुठीवरून कागदी नमुना काढला. दोन्ही कापट्या दुतर्फी टेपने एकमेकींना चिकटवून एकदमच आकार दिला आणि भोकं पाडली, म्हणजे डावं-उजवं जुळतं. शेवटची जाडी 2.8. पाचर हाडाची, मागे 3 आणि पुढे दीड मि.मी. ही उतरती पाचर महत्त्वाची. तिच्यामुळे पट्ट्यांना हलका फुगवटा येतो आणि मिटलेलं पातं मधोमध बसतं. सपाट पाचर घातली तर पट्ट्या पात्याला चिकटतात आणि ओलावा आत अडकतो.

नवे रिवेट 16 गेजच्या पितळी तारेचे. ही तार 1.6 मि.मी. भरते, जुन्या भोकांना बरोबर बसते. लंदीच्या मानेतलं भोक झिजून लांबट झालं होतं, त्यात 2.4 बाहेरून आणि 1.6 आतून अशी पितळी नळी बसवल्यावर खडखड थांबली. तार वायसरच्या वर दोन्हीकडे 1 मि.मी. ठेवायची, जास्त ठेवली की आत वाकते आणि डोकं तिरकं बसतं. सराफ्यात सोनारकामाची 50 ग्रॅमची गोल तोंडाची हातोडी मिळते, ती आणि छोटी ऐरण. ठोका मारायचा नाही, टिचकी द्यायची, दोन्ही बाजू आलटून पालटून, एका डोक्याला पन्नास-साठ टिचक्या. दर दहा टिचक्यांनी वस्तरा उघडून बघायचा. अर्धवट उघडून आडवा धरला तर पातं आपल्या वजनाने पडू नये आणि उघडताना अंगठा दुखू नये, एवढाच घट्टपणा. मेर्क्रदीच्या एका पट्टीला शेवटच्या चार टिचक्यांत चीर गेली. घाई, दुसरं कारण नाही. पट्टी पुन्हा केली.

धार लावायला 1000, 4000, 8000 आणि 12000 चे दगड. हार्डवेअरमध्ये मिळणारा दुतोंडी कार्बोरंडम सुऱ्या-कोयत्यांसाठी ठीक, वस्तऱ्याला तो अतिशय खरबरीत. दगड सपाट नसेल तर पुढचं सगळं फुकट. पेन्सिलीने चौकडी काढायची, काचेवर 220 चा वॉटर पेपर ठेवून सगळ्या रेघा जाईपर्यंत घासायचं.

पहिल्या दगडावर सगळ्यात जास्त वेळ घालवायचा. धारेला परमनंट मार्करची शाई लावायची, चार हात मारायचे आणि भिंगातून बघायचं. शाई राहिली तिथे दगड पोचत नाहीये. 1000 वरच मनगटाचे केस त्वचेलगत कापले जायला हवेत, टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे. तसं होत नसताना 8000 वर गेलं तर फक्त बोथट धार चकचकीत होते. जोर देण्याचा मोह इथेच होतो. पोखरलेलं पातं जोराने लवतं, धार दगडावरून उचलली जाते आणि घासलं जातं धारेच्या मागचं. पात्याचं स्वतःचं वजन आणि वर एक बोट, पुरे. टेप प्रत्येक दगडाला नवी लावायची. 1000 वर झिजलेली टेप 8000 वर नेली की कोन खाली उतरतो आणि दगड धारेच्या कडेपर्यंत पोचतच नाही.

वांद्रदीची एकांगी झीज दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. एका बाजूची धारेची पट्टी रुंद, दुसरीची अरुंद दिसते, कापतो मात्र व्यवस्थित. दोन्ही सारख्या करायच्या तर चांगल्या बाजूचं पोलाद खर्ची घालावं लागलं असतं. साम्दीने मात्र त्रास दिला. 4000 वर धारेतून बारीक कण निघाला, भिंगाखाली चंद्रकोरीसारखी खाच. धारेलगतचा खड्डा आतून पोखरलेला होता आणि धार तिथवर पोचल्यावर त्याचं छत कोसळलं. पुन्हा 1000 वर, पुन्हा 0.3 मि.मी. खाली. दुसऱ्यांदा टिकली.

12000 नंतर चामड्याचा पट्टा, इथल्या भाषेत चमोटा. आधी कापडी बाजूवर 25 हात, मग चामड्यावर 60, पाठ पुढे आणि धार मागे. वळवताना पातं पाठीवरून फिरवायचं, धारेवरून फिरवलं की एका हातात चमोटा कापला जातो आणि धारही जाते. बफवाले वापरतात तो हिरवा साबण चमोट्याला लावू नये. त्यात कणांचा आकार एकसारखा नसतो, एखादा मोठा कण 12000 ची मेहनत खरवडून टाकतो. दाढीआधी पातं 70 टक्के आयसोप्रोपिल स्पिरिटमध्ये दहा मिनिटं. शिंगाला स्पिरिट लागू द्यायचं नाही, ते पांढुरकं पडतं.

धुण्याच्या पाण्याचं मात्र इथे बघावं लागतं. नळाचं नर्मदेचं पाणी चालतं. बोअरचं जड असतं, पात्यावर वाळलं की पांढरे ठिपके राहतात आणि ठिपक्याखाली गंज धरतो. आम्ही शेवटचा हात बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्याचा दिला आणि मऊ सुती कापडाने पाठीकडून धारेकडे टिपून घेतलं.

पेटीचा सुटलेला कोपरा सरसाने चिकटवला. सरस कोमट पाण्याने पुन्हा सुटतो, फेव्हिकॉल तसा सहज सुटत नाही, पुढच्या माणसाला ते उपयोगी पडतं. मेर्क्रदीच्या खाचेतली मखमल काढून टाकली, तिच्यात आम्ल मुरलेलं होतं. त्या जागी नवीन सुती मखमल, रंग थोडा वेगळा दिसतो, दिसू दे. पण वस्तरे त्या पेटीत कायमचे ठेवत नाही. वरचं कातडं कमावलेलं आहे, त्यातलं टॅनिन आणि पावसाळ्यातली दमट हवा एकत्र आली की पोलादाला पुरतं. पात्यांना तेलाचा हलका हात देऊन, गंजरोधक कागदात एकेक गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह स्टीलच्या डब्यात. जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी डबा उघडायचा आणि आधी मुख्य रिवेटच्या भोवती बघायचं, तेल तिथे नीट पोचत नाही. यंदा जुलैत वांद्रदीच्या मानेजवळ मोहरीएवढा तांबूस ठिपका सापडला. तेलात भिजवलेला दोरा चार वेळा ओढला, निघून गेला.